लग्न पाच महिन्यांवर आलंय आणि बाबांची वही भरत चाललीय: खर्च आणि डोकं, दोन्ही ताब्यात कसं ठेवलंत?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. इथली जुनी वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

लग्न ठरलंय. माझंच. मुलगा मीच निवडला आणि आता घरच्यांना तो माझ्यापेक्षा जास्त आवडतो, म्हणजे त्या आघाडीवर शांतता आहे. दोघंही कमावतो. तक्रारीला तशी जागाच नाही. तरी गेले तीन आठवडे मी रात्री दोनला जागी होते आणि छताकडे बघत बेरजा करत बसते.

याला कारण बाबांची वही. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पाहुण्यांची यादी. पहिल्या दिवशी त्यात पेन्सिलीने ८० नावं होती. पेन्सिल का, तर खोडता यावं म्हणून. काल मोजली, २४७ झालीत, आणि घरात खोडरबर कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. तिकडची यादी अजून यायचीय.

बाबा म्हणतात, मुदत ठेव मोडू. होणारे सासरे म्हणतात, कशाला मोडता, थोडं कर्ज काढू, आम्ही फेडू. दोघंही प्रेमानेच म्हणतात, म्हणून तर नाही म्हणता येत नाही. आम्हा दोघांचं म्हणणं एवढंच की कर्ज नको, ठेव मोडायला नको, आणि त्या दिवशी आम्हाला चार माणसांशी धड बोलता यावं.

ज्यांनी हे पार पाडलंय त्यांनी सांगा: सुरुवात कुठून केलीत, पैसे कुठे वाया गेले आणि भांडणं नेमकी कशावरून झाली?

एकच विनंती. अंथरूण आणि पाय आमच्याकडे आईने या आठवड्यात तीनदा काढलेत. इथे नकोत.

रातराणी

अभिनंदन! वाचतेय. आमच्याकडे पुढच्या वर्षी भावाचं आहे, त्यामुळे खुर्ची ओढून बसलेय.

तिरकस

नोंदणी करा, तीन साक्षीदार आणा, सह्या करा, घरी येऊन झोपा. धागा संपला.

भटकभवानी

@तिरकस, तिने लग्न कसं टाळू असं विचारलेलं नाही हो.

हिशेबनीस

रात्री दोनच्या बेरजा दुपारी कागदावर केल्या की निम्मा ताण उतरतो, हे आधी सांगतो. पेशाने हिशेबच करतो, त्यामुळे थोडं लांबेल.

लग्नाचा खर्च दोन जातींचा असतो. एक माणशी वाढणारा: जेवण, खुर्ची, पत्रिका, बाहेरगावच्यांची राहायची सोय, गाड्या. दुसरा ठरीव: कपडे, फोटो, सजावट, ध्वनियंत्रणा. दोनशे माणसं आली काय नि चारशे आली काय, फोटोवाला तेवढेच घेणार. घरोघरी होतं काय, की वाद सगळा दुसऱ्या जातीवर होतो आणि पैसे जातात पहिल्या जातीत.

आकडे समजण्यापुरते घेतो. माणशी खर्च १ भाग धरा आणि ठरीव खर्च ८० भाग. ४०० माणसं आली तर एकूण ४८०. २०० आली तर २८०. म्हणजे माणसं निम्मी केली तरी खर्च निम्मा होत नाही, हे आधीच लक्षात ठेवा, नाहीतर मागाहून चिडचिड होते. पण हेही बघा: फुलांच्या सजावटीतून महत्प्रयासाने १० भाग वाचवलेत तर ते वहीतल्या दहा नावांइतकेच आहेत. फुलांवरून दोन संध्याकाळी जातात. दहा नावं दोन बहिणींचे संसार मोजले की होतात.

शिवाय माणशी खर्च सरळ रेषेत वाढत नाही, त्याला पायऱ्या असतात. २०० चा हॉल २१० माणसांना पुरत नाही, मग ३०० चा घ्यावा लागतो, त्याला सजावट जास्त, पंखे जास्त, वाढपी जास्त. त्या शेवटच्या दहा जणांचं ताट सगळ्यात महाग पडतं. तेव्हा हॉल बघून यादी करू नका आणि यादी वाढेल तसा हॉलही मोठा करू नका. आधी एकूण रक्कम, मग माणसांची कमाल संख्या, मग हॉल. याच क्रमाने.

आता कर्ज. १०० घेतले, १२ टक्के दराने, तीन वर्षांत फेडले, तर हातून जवळपास १२० जातात. तेच १४ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडले तर जवळपास १४०. पाच वर्षं म्हणजे लग्नाच्या पाचव्या वाढदिवसापर्यंत तुम्ही त्या एका दुपारचं जेवण फेडत असता. सासऱ्यांना हे रागाने नाही, कागदावर मांडून दाखवा. मोठी माणसं मतापुढे नमत नाहीत, बेरजेपुढे कधी कधी नमतात.

आणि ठरवलेल्या रकमेतले शेकडा १० भाग पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा, कशासाठी ते न ठरवता. आपण सगळेच वेळ आणि खर्च दोन्ही कमी धरतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या खोडीला नावही दिलं. आपल्यासारखंच काम आधी इतरांनी केलं तेव्हा त्यांना किती लागलं, हे न बघता माणूस मनातल्या चित्रावरून अंदाज बांधतो. त्यामुळे ओळखीत नुकतंच ज्यांच्याकडे लग्न झालंय त्यांना दोनच प्रश्न विचारा: ठरवले किती होते आणि लागले किती? पहिलं उत्तर लगेच येतं. दुसऱ्याच्या आधी उसासा येतो.

अर्धविराम

@हिशेबनीस, दंडवत. हे छापून भिंतीला लावते. पण नावं कापायची कशी? मी एक नाव सुचवलं तर बाबा म्हणाले, "त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नात जेवून आलोय मी." यावर काय बोलायचं?

तिरकस

त्यांच्या मुलींनी दुसरं लग्न केलं तर तेव्हा जाऊ नका म्हणावं.

आजीचा_चष्मा

बाळ, तुझ्या वडिलांचं वाक्य मला फार आपलं वाटलं म्हणून लिहिते. माझे यजमान असेच होते. आमची पोरं त्यांना हौशी म्हणायची, कुणी मागून बडेजावही म्हणायचं. ते गेल्यावर त्यांची वही चाळली तेव्हा कळलं की ती पाहुण्यांची यादी नव्हतीच, ती उधारीची वही होती. याने अमक्या साली दवाखान्यात रात्र काढली. त्याने शाळेची फी भरली. हा बदलीच्या गावी सामान उतरवायला आला होता. पैशात न फिटणारी देणी. लग्न म्हणजे ती सगळी एका दिवसात फेडायची संधी, असं त्या पिढीला वाटतं.

म्हणून "एवढे कशाला" असं विचारू नकोस. "हे कोण?" असं विचार. एकेक नाव घेऊन बस, चहा ठेव आणि ऐक. दोन गोष्टी होतील. काही नावांची गोष्ट ऐकून तूच म्हणशील, यांना बोलवायलाच हवं. आणि काही नावांपाशी त्यांना स्वतःलाच गोष्ट आठवणार नाही. ती ते स्वतः खोडतील. तू खोडलीस तर भांडण, त्यांनी खोडली तर वही.

जे बोलवायचे राहतील त्यांच्या घरी लग्नानंतर दोघांनी जायचं. नवी जोडी पायरी चढून आली याचा मान, गर्दीत लांबून हात हलवण्यापेक्षा किती तरी मोठा. हे मात्र वडिलांना आधी कबूल करायचं आणि पाळायचं.

रातराणी

आजी, डोळ्यांत पाणी आणलंत.

भटकभवानी

आम्ही यादीचे तीन रकाने केले होते. पहिला: ज्यांच्याशिवाय लग्न होऊच शकत नाही. दुसरा: ज्यांना बोलावलं नाही तर *आपल्याला* वाईट वाटेल. तिसरा: ज्यांना बोलावलं नाही तर *त्यांना* वाईट वाटेल.

पहिल्यात ३१ नावं निघाली. दुसऱ्यात साठेक. उरलेलं सगळं तिसऱ्यात. सगळा वाद तिसऱ्या रकान्याचाच असतो, आणि तो वेगळा दिसायला लागला की निदान वादाचं नाव कळतं.

कापताना नियम लावायचा, माणसं निवडायची नाहीत. "चुलत भावंडांपर्यंत, त्यापुढे नाही" हा नियम सगळ्यांना एकदम लागू होतो, कुणाला वैयक्तिक टोचत नाही. एका चुलत काकूंना बोलावून दुसऱ्यांना वगळलंत की पुढची वीस वर्षं निस्तरत बसा. ऑफिसचंही तसंच: एक तर सगळी टीम, नाहीतर कुणीच नाही.

खारीचा_वाटा

इथे एक आठवलं. रॉबिन डनबर या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात असा अंदाज मांडला की माणूस साधारण १५० जणांशीच खरेखुरे संबंध सांभाळू शकतो. या आकड्यावर पुढे वादही झालेत, पण यादीला कमाल मर्यादा म्हणून वाईट नाही.

तिरकस

डनबरला माझी आत्या भेटलेली नाही. तिचे १५० तर फक्त जिन्यात होतात.

मांडववाला

राम राम. मी या धंद्यातला माणूस. मांडव, खुर्च्या, जेवण, सगळं करतो. बावीस वर्षं झाली. आमच्या बाजूचं पण ऐका. तुम्ही फसता ते भावात नाही, न विचारण्यात फसता.

पहिलं, किमान हमी. आम्ही विचारतो, किती पानं धरू? पार्टी छाती फुगवून म्हणते चारशे. आम्ही चारशेची हमी लिहून घेतो. प्रत्यक्षात उठतात २६०. पैसे चारशेचे द्यावे लागतात, कारण मी माल चारशेचा भरला, माणसं चारशेची लावली. हे गेल्या हंगामातलंच सांगतोय. मुलीचे वडील शेवटी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले होते, उरलेल्या भांड्यांकडे बघत. मला पण बरं वाटलं नाही, पण मी तरी काय करू? म्हणून हमी कमी लिहा आणि वर किती टक्के वाढलं तरी भागवाल ते विचारा. बहुतेक जण थोडी वरची तयारी ठेवतोच. अंतिम आकडा कधीपर्यंत द्यायचा ती तारीख लिहून घ्या.

दुसरं, पानं मोजणार कोण? तुमचा एक माणूस आणि आमचा एक माणूस, दोघांनी मिळून मोजायची, त्याच दिवशी चिठ्ठीवर दोघांची सही. नाहीतर चार दिवसांनी तुम्ही म्हणणार २६०, आम्ही म्हणणार २९०.

तिसरं, भावात काय काय आलं? कर धरून की वेगळा? वाढपी धरून? पाणी? वीज गेली तर जनरेटर कुणाचा, डिझेल कुणाचं? हॉल किती वाजता रिकामा करायचा आणि पुढच्या तासाला काय लावणार? नासधूस झाली तर? सफाई? ही यादी घेऊन आलेल्या माणसाला आम्ही पण जपून भाव सांगतो.

चौथं, इसार. पावतीशिवाय रुपया देऊ नका, ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर आधी घ्या. तारीख बदलली तर काय, रद्द झालं तर किती परत, हे त्याच पावतीवर लिहून घ्या. पैसे तीन टप्प्यांत द्या आणि शेवटचा टप्पा काम झाल्यावर. सगळे आधी दिलेत तर आमचा फोन लागत नाही, हसू नका, खरं सांगतोय.

पाचवं. ज्या तारखेला सगळ्या जगाला लग्न करायचंय त्या तारखेला मी भाव कमी करणार नाही. तुम्ही मधल्या वारी या, हंगाम सोडून या, मी स्वतःहून कमी करतो. माझी माणसं नाहीतरी बसून असतात.

हिशेबनीस

@मांडववाला, हा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर चिकटवायला हवा. विशेषतः पानं मोजण्याचं.

खारीचा_वाटा

थोडं वेगळं. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी, अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मायलन यांनी, २०१४ साली तिथल्या ३००० हून अधिक विवाहित किंवा कधी काळी विवाहित असलेल्या लोकांची पाहणी केली. लग्नसमारंभावर जास्त खर्च करणाऱ्यांची लग्नं तुलनेने कमी टिकलेली आढळली. घरातल्या मोठ्यांना दाखवायला उपयोगी पडेल.

तिरकस

पूर्ण सांगा ना. त्याच पाहणीत ज्यांच्या लग्नाला माणसं जास्त आली होती त्यांची लग्नं जास्त टिकलेली निघाली. अर्धविरामताईंचे बाबा हे वाचतील आणि वहीला दुसरी वही जोडतील.

खारीचा_वाटा

हो, तेही आहे. आणि एकामुळे दुसरं होतं असं ती पाहणी सिद्ध करत नाही. कर्ज काढून लग्न करणारे पुढे पैशावरून भांडत असतील, किंवा ज्यांच्या भोवती गोतावळा आहे त्यांना पडत्या काळात आधार मिळत असेल. कारण काहीही असेल.

आजीचा_चष्मा

मग दोन्ही बाजू खऱ्या की. माणसं असावीत आणि खर्च नसावा. ताटातले पदार्थ निम्मे करा, कुणी उपाशी जात नाही. बारा पदार्थांतले सहा तसेही ताटाच्या कडेला राहतात.

मांडववाला

आजी बरोबर. पदार्थ कमी असले की आम्हाला पण ते नीट करता येतात. वाया जातं ते बघवत नाही हो.

रातराणी

भांडणं कशावरून होतात असं विचारलंय ना? मावसबहिणीच्या लग्नातलं सांगते. हॉल दहा मिनिटांत ठरला, कुणालाच कळत नव्हतं म्हणून कुणी बोललंच नाही. पत्रिकेचा रंग मात्र तीन दिवस चालला. एक काका उठून गेले. मोतिया की बदामी. दोन नमुने शेजारी ठेवले तर मला अजूनही फरक सांगता येणार नाही.

हिशेबनीस

याला तर नियमच आहे. नॉर्थकोट पार्किन्सनने १९५७ साली लिहिलंय: समिती अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास घालते. अणुभट्टी कुणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते.

उपाय एकच. प्रत्येक विषयाला एक धनी नेमा. पत्रिका आईकडे, जेवण सासऱ्यांकडे, फोटो तुमच्याकडे. धन्याच्या हातात त्या विषयापुरती रक्कम द्यायची, त्या रकमेत त्याचा शब्द शेवटचा. इतरांनी सल्ला एकदा द्यायचा, दुसऱ्यांदा नाही. निवडीलाही कुंपण घाला: तीनच नमुने बघायचे, त्यातून एक घ्यायचा, आणि ठरलं की पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. मोबाइलवर चौथा नमुना बघितला की झोप गेलीच.

भटकभवानी

धनी ही कल्पना एकदम झकास. यात एक भर: ज्याचे आईवडील, त्याने त्यांच्याशी बोलायचं. सुनेने सासऱ्यांना कर्ज नको म्हणून समजवायला जायचं नाही. ते काम मुलाचं. आमच्याकडे हे उलटं झालं आणि पहिलं वर्ष त्यातच गेलं.

आणि लग्नाच्या दिवशी वधूवरांच्या हातात ना फोन, ना पाकिटं. फोन एका मैत्रिणीकडे, देणी एका शांत डोक्याच्या भावाकडे. प्रत्येकाला द्यायची रक्कम वेगवेगळ्या पाकिटात, वर नाव आणि आकडा. मी लग्नाच्या पूर्ण पोशाखात गाडीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घातलीय, म्हणून सांगतेय. त्याचा फोटोही आहे. माझं तोंड त्यात अगदी स्वाभाविक आलंय.

ओलेती_संध्याकाळ

फोटोंचं मीही लिहिते. आमच्या लग्नाचे ११०० फोटो आले. दिव्यांचे, फुलांचे, माझ्या पाठमोऱ्या केसांचे नऊ. माझी आजी त्यात एकदा दिसते, अर्धी, एका खांबाच्या मागे, हातात रिकामा पेला. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. फोटोवाल्याची चूक नाही, त्याला ती कोण ते कुणी सांगितलंच नव्हतं. कागदावर वीस नावं लिहून द्या आणि ती माणसं ओळखणारा घरातला एक जण त्याच्याबरोबर फिरू द्या. महागडं पॅकेज घेऊन हे होत नाही, चिठ्ठीने होतं.

रातराणी

...आजच भावाला ही चिठ्ठी करायला सांगते.

चिंचेखालचा

मी एकटाच उलटं बोलतो बहुतेक. ज्यांच्याकडे आहे त्यांनी खर्च का करू नये? माझ्या वडिलांनी आयुष्यभर एक शर्ट दोन वर्षं घातला आणि माझ्या लग्नात मोकळ्या हाताने खर्च केला. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. प्रत्येक खर्च उधळपट्टी नसतो.

हिशेबनीस

@चिंचेखालचा, मान्य. तुमच्या वडिलांनी साठवलेलं खर्च केलं. प्रश्न म्हातारपणाची ठेव मोडण्याचा आणि न कमावलेलं खर्चण्याचा आहे. आईवडिलांच्या पुढच्या दहा वर्षांच्या औषधपाण्याला हात लावायचा नाही, एवढी एक रेघ ओढा. अलीकडे काय हवं ते करा.

अर्धविराम

आठ दिवसांनी येतेय. बरंच घडलं.

तिकडची यादी आली, १८० नावं. आमची २४७. त्यात नऊ जण दोन्हीकडे होते, म्हणजे ४१८. हिशेबनीसांनी सांगितलं तसं उलट्या टोकापासून निघालो. दोघांनी मिळून साठवलेलं, अधिक दोन्हीकडचे आईवडील ठेवीला हात न लावता जेवढं सहज देतील तेवढं, यांची बेरीज केली. त्यातले दहा भाग बाजूला. उरलेल्याला भागलं तर २०० माणसं आली. दोन्ही घरांना नव्वद-नव्वद, आम्हा दोघांच्या मित्रमंडळींना वीस.

सासऱ्यांशी त्याने बोलायचं ठरलं होतं. तो फक्त १४० चा आकडा कागदावर लिहून घेऊन गेला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नकोस मी कर्ज काढणार होतो." संपलं.

बाबांबरोबर मी तीन रात्री बसले, आजी. एकेक नाव. एक गृहस्थ निघाले ज्यांनी बाबांना पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला स्वतःचे बूट दिले होते, एक नंबर मोठे, पुढे कागद कोंबून घातले होते. हे मला २९ वर्षांत माहीत नव्हतं. ते पहिल्या रकान्यात गेले. आणि सातव्या पानावर एक नाव होतं, त्यावर बाबा थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हा कोण ते आठवत नाही बुवा." खोडरबर आईच्या शिवणाच्या डब्यात सापडला.

११२ वर अडलोय. अजून बावीस जायचेत. पण रात्री दोनला जाग येत नाही, साडेतीनला येते. प्रगती आहे.

मांडववाला

ताई, हमी १६० लिहा. दोनशे बोलावलेले दोनशे येत नाहीत. पण येणार की नाही ते निरोपावर विचारू नका, फोन करा. निरोपाला लोक हात जोडल्याचं चित्र पाठवतात, त्यातून हो कळत नाही की नाही.

तिरकस

हात जोडले म्हणजे बहुतेक "माफ करा, येतोय" असावं.

भटकभवानी

आणि स्वतःसाठी दोन ताटं बाजूला काढून ठेवायला कुणाला तरी नेमा. गंमत नाही. ज्यांचं लग्न तेच उपाशी, हे मी चार ठिकाणी बघितलंय.

रातराणी

धागा वर काढतेय. अर्धविराम, झालं का लग्न? कसं झालं?

अर्धविराम

झालं! तीन आठवडे झाले, उशिराबद्दल माफी.

हमी १६० ची लिहिली होती, पानं उठली १७१. माझा मामेभाऊ आणि केटररचा मुलगा शेजारी शेजारी बसून मोजत होते. मध्येच त्यांची दोस्ती झाली आणि दोघांचेही आकडे चुकले, म्हणून पुन्हा ताटं मोजली. सही झाली.

ठरवलेल्या १०० भागांतले ९७ लागले. राखीव दहातले सात गेले. बाहेरगावच्यांची बस वाटेत बंद पडली, त्यांच्यासाठी दुसरी गाडी आणि हॉलचा एक जादा तास. राखीव नसते तर त्या क्षणी मी कुणावर तरी नक्की ओरडले असते. माझा फोन मैत्रिणीकडे होता, त्यामुळे बस बंद पडल्याचं मला ती आल्यावरच कळलं.

सगळं छान झालं असंही नाही. आमच्याकडच्या एक काकू अजून बोलत नाहीत. चुलत भावंडांपर्यंतचा नियम त्यांच्याच दारात मोडला, कारण त्यांच्या धाकट्या दिरांना बाबांनी गुपचूप बोलावलं आणि मोठ्यांना नाही. नियम मोडला तर काय होतं ते कुणीतरी आधीच लिहिलं होतं वर. आणि ध्वनियंत्रणेला आम्ही धनी नेमायचाच विसरलो, त्यामुळे बाबा बोलायला उभे राहिले तेव्हा माइक बंद. पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. मी पहिल्या रांगेत होते.

बूटवाले काका आले होते. फोटोच्या चिठ्ठीत त्यांचं नाव तिसरं होतं. बाबांनी फोटोवाल्याला बूटही येऊ देत म्हणून सांगितलं, कारण त्याला कळेना की हा माणूस पायांकडे बोट का दाखवतोय.

दर रविवारी दोन घरं करतोय. सहा झालीत, तीसेक बाकी. वही बाबांबरोबरच असते, जिन्यातून उतरताना ते नावापुढे पेन्सिलीने टिक करतात.

आजीचा_चष्मा

काकूंकडे आधी जा. पुढच्याच रविवारी. फोन न करता.

अर्धविराम

हो आजी. बाबांनाही घेऊन जाते. माइक नसला तरी तिथे चालेल.